जेरसनचा गुडघा

जेरसन मोंतेक्लारो आमच्याच कोळ्यांच्या वस्तीतला. बाप समुद्रावर, आई बेलेन डोक्यावर टोपली घेऊन बाजारात सुकी मासळी विकायला जायची. पोरगं असं ताडमाड वाढलं की बेलेन म्हणायची, "याला कपडे शिवायचे तर बोटीचं शीड फाडावं लागेल." आमच्याकडे माडाच्या खोडाला रिंग ठोकून सगळी पोरं चपला घालूनच बास्केटबॉल खेळतात. जेरसन मात्र अनवाणी खेळायचा, कारण त्याच्या मापाची चप्पलच मिळत नसे. शेवटी गावचे कापितान, म्हणजे सरपंच, फिदेल यांनी शहरातून बूट मागवले. तेच बूट घालून तो मनिलाला कॉलेजच्या संघाच्या निवडीला गेला आणि निवडला गेला.

पुढे तो व्यावसायिक संघात गेला, पण तिथे त्याने खेळण्यापेक्षा बाकच जास्त झिजवलं. तिशीत आल्यावर जपानच्या उत्तरेकडच्या एका संघाने बोलावलं. तिथेही तो काही हिरो नव्हता. उडी मारायची, लोकांची कोपरं खायची आणि मिळवलेला चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे त्याचं काम. आईने पाठवलेली सुकी मासळी तळली की खालच्या मजल्यावरची म्हातारी दार ठोठावायची. मग तो बर्फात, गाड्या लावायच्या जागेत स्टोव्ह पेटवून मासळी तळायचा. हे तो आम्हाला हसत सांगायचा. मला काही त्यात हसू येत नसे.

त्या मे महिन्यात तो गावच्या जत्रेला आला. उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली. जपानचा संघ आणखी दोन वर्षं ठेवणार होता, पण परत गेल्यावर गुडघा तपासून मगच सही. तोवर बाहेर कुठे खेळायचं नाही, अशी अट.

माझं दुकान बास्केटबॉलच्या कोर्टाला लागूनच; वस्तीतली पोरं मला मानांग, म्हणजे ताई, म्हणतात. तिथे बाटली फोडून पीत तो म्हणाला, "मानांग, ही दोन वर्षं मिळाली की बास. आईची टोपली खाली उतरवतो, मग लग्न."

"आधी टोपली उतरव. लग्नाचं मी बघते," मी म्हटलं.

जत्रेच्या सामन्यांत आमची अंतिम फेरी शेजारच्या वस्तीशी होती. त्यांनी शहरातून भाड्याचा खेळाडू आणला होता. ते कळताच कापितान बेलेनच्या घरी हजर.

"तोतो, बाळा, नुसता संघाचा ड्रेस घालून बाकावर बस. पोरांना जोर येईल."

"कॅप, करारात नाही बसत. आणि गुडघा..."

"अरे, खेळ म्हणतोय का मी? अगदीच वेळ आली तर पाच मिनिटं. जपानला काय इथलं दिसतंय?"

जेरसन मान खाली घालून म्हणाला, "बघू या, कॅप."

आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'बघू या' म्हटलं की समोरच्याने समजायचं, कॉफी संपवायची आणि विषय सोडायचा. कापितानांनाही ते समजलं होतं. पण ते उठले ते थेट माइकपाशी गेले आणि त्यांनी जेरसनचं नाव पुकारलं. गावभर टाळ्या पडल्या.

"जाऊ नकोस. ताप आलाय म्हणून सांगते," बेलेन म्हणाली.

"नानाय, आता नाव पुकारलंय. नाही गेलो तर उद्या बाजारात तुझ्याशी कोण बोलेल?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तो गेला. अगदीच वेळ आली आणि तो उतरला. तिसऱ्या की चौथ्या उडीला तो त्या भाड्याच्या खेळाडूच्या पायावर उतरला आणि गुडघा धरून खाली बसला. चौघांनी त्याला उचलून नेलं. सामना आम्ही जिंकलो.

अभिमानाच्या भरात कुणीतरी व्हिडिओ फेसबुकवर टाकला, खाली त्याचं नाव आणि जपानच्या संघाचंही. चार दिवसांनी जपानहून निरोप आला. तेही आमच्यासारखेच, तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'लवकर बरे व्हा, आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत' एवढंच लिहिलं होतं. जेरसनला बरोबर समजलं.

गावाने त्याच्या गुडघ्यासाठी बेलेनच्या घरी नऊ दिवस प्रार्थना ठेवली. शेवया आल्या, केक आला, कापितानांनी डुक्कर भाजून पाठवलं. चुकलं, असं मात्र कुणी म्हणालं नाही. मला अजून राग येतो. बेलेन पहाटे टोपली घेऊन बाजारात जातच होती.

शेवटच्या दिवशी कापितान अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेलेन, कोर्टाला आपल्या जेरसनचं नाव द्यायचं ठरवलंय."

बेलेन हात पुसत बाहेर आली. "नावं मेलेल्यांची देतात, कॅप. माझा मुलगा आत जेवतोय."

कापितान उगाच टोपी फिरवत राहिले. तेवढ्यात आतून जेरसनचा आवाज आला, "नानाय, कॅपना पण ताट वाढ."

तिने वाढलं.