पेवाच्या तोंडाशी

माझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी, सांगलीत हळदीच्या व्यापारात पुढे पुष्कळ मिळवलं. ते कसं, असं कुणी विचारलं की मला महायुद्धाच्या काळातला हरिपूरचा एक दिवस आठवतो.

आमचा धंदा तेव्हा नवा होता. आमची आणि शेतकऱ्यांनी विश्वासाने ठेवलेली हळद दोन पेवांत होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं कोठार. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते, पण कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते.

त्या श्रावणात कृष्णा चढत चढत पेवांजवळच्या शेतात शिरली. हमाल गोळा करून आम्ही धावलो. अण्णांनी पाण्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नदीकडचं पेव सोडून द्या. सगळे या वरच्या पेवावर लागा."

"अण्णा, अर्धा माल आहे त्यात!" मी ओरडलो.

"दोन्ही धरायला गेलो तर दोन्ही जातील."

तोंड उघडून कंदील आत सोडला. तो लगेच विझला. मुकादम पुढे झाला. "आवं अण्णा, पानी थांबायचं न्हाई. आमी दम धरून उतरतो की!"

"कंदील जळत नाही तोवर कुणी उतरायचं नाही."

दोरीला घोंगडं बांधून आम्ही ते पेवात वर-खाली करू लागलो, हवा हलावी म्हणून. पुन्हा कंदील सोडला, पुन्हा विझला. पाणी बांध ओलांडून आलं. मला अण्णांचा संताप आला होता. पलीकडे एका व्यापाऱ्याने तर स्वतःच्या पेवात माणूस उतरवलासुद्धा.

तिकडून एकदम आरडाओरडा झाला. तो माणूस आत कोसळला होता. सुदैवाने कमरेला दोर होता. आपलं काम टाकून अण्णा धावले, आमचे हमालही धावले. सगळ्यांनी ओढून त्याला वर काढलं. चेहरा काळानिळा पडला होता. बऱ्याच वेळाने त्याने श्वास घेतला.

आम्ही परतून पुन्हा कंदील सोडला तेव्हा तो तळाशी जळत राहिला. मग मात्र हमालांनी कुणी न सांगता जिवाच्या आकांताने पोती वर काढली. वरचं पेव रिकामं झालं. नदीकडचं डोळ्यांदेखत बुडालं.

पूर ओसरायच्या आतच अण्णा, चिखल तुडवत, ज्यांची हळद बुडाली त्यांच्या गावी निघाले. मी म्हणालो, "थोडं थांबू या. लोक चिडलेले असतील."

"म्हणूनच आज जायचं. दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये."

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अंगणातच सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माल गेला, लय वंगाळ झालं. पर मानूस मारला न्हाईस. फुडची हळद बी तुझ्याकडंच घालतो."

त्याने शब्द पाळला आणि त्याच्या मागोमाग त्याचं गावही आलं. अण्णांना धाडसी म्हणणारे पुष्कळ भेटतात. पेवाच्या तोंडाशी उभं असताना त्यांनी पाठीमागे घट्ट धरलेले हात थरथरत होते, ते मी पाहिलं होतं.