उसातला वाघ आणि मेलेला मेहुणा

माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने मला एका हिवाळ्यात एकवीस वेळा ठार मारलं. पोलिसांत कोणीही गेलं नाही. उलट दर वेळी माझी बहीणच कमरेवर हात ठेवून म्हणायची, "भिकू, ऊठ. नीट मेला नाहीस. परत मर!"

हे आमचे हरिबा दाजी. मॉरिशसमधल्या सांत्र द फ्लाक गावच्या बाजारात एका फोटोवाल्याच्या दुकानात ते कामाला होते. आठवडाभर लोकांच्या लग्नाचे फोटो धुवायचे आणि रविवारी गावच्या बैठकेच्या खोलीत पोरांना मराठी शिकवायचं, हा त्यांचा नेम. ती शाळा त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली. म्हातारा दिवसभर ऊस तोडायचा आणि संध्याकाळी कंदील घेऊन बाराखडी घोकून घ्यायचा. दाजींनी कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आणला, पण मोठ्या वादळानंतरच्या दुसऱ्या वर्षी पोरंच घटत घटत पाचावर आली. त्या पाचांत दोन दाजींची स्वतःची, आणि एक फक्त झोपायला यायचं!

बाकीची पोरं रविवारी फ्लाकच्या थेटरात बसायची. तिथे तलवारी, घोडे, कड्यावरून उड्या. आमच्याकडे "क कमळाचा". कोण येणार?

शेवटी बैठक चालवणाऱ्या मंडळाचे प्रमुख सखाराम काका घरी आले. चहा प्यायले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "हरिबा, मला वाईट वाटतंय, पन काय करू? गनपतीपर्यंत पंधरा पोरांची नावं झाली तर तुजी शाळा ऱ्हाईल. नाय तर रविवारची खोली शिवणाच्या क्लासाला. तितं चाळीस बाया थांबल्यात."

काका गेल्यावर दाजींनी कपबशा उचलल्या. मग एकदम म्हणाले, "पोरांना मारामारी पायजे ना? मराठीत देऊ! आपण सिनेमा काढू."

"कोण काढणार?" मी विचारलं.

"मी."

"हिरो?"

"मीच."

"आणि गोष्ट कोण लिहिणार?"

"भिकू, तुला बावळट प्रश्न विचारायचा रोग हाय," दाजी म्हणाले.

सिनेमाचं नाव 'उसातला वाघ'. (आमच्या मॉरिशसमध्ये वाघ नाही. मी हे दाजींच्या नजरेस आणून दिलं. ते म्हणाले, "म्हनून तर लोक बघायला येतील!") दुकानाच्या मालकाने चावीचा छोटा कॅमेरा शनिवारपुरता दिला. त्यात आवाज भरायची सोय नव्हती. नुसती मुकी चित्रं यायची. पण दाजींनी सगळा विचार करून ठेवला होता. सिनेमा दाखवायच्या दिवशी पडद्याशेजारी उभं राहून आम्ही माइकवर बोलायचं. ओठ जुळावेत म्हणून मारामारीच्या वेळीही तीच वाक्यं खणखणीत म्हणायची. खरं सांगतो, इथवर मलाही पटलं होतं.

पहिली अडचण आली ती खलनायकाची. गावात मराठी माणसं भरपूर, पण दरोडेखोर व्हायला एक तयार होईल तर शपथ! एकाच्या मुलीचं लग्न मोका गावात जमत आलेलं. दुसऱ्याचा मुलगा पेती राफ्रे गावच्या मुलीकडच्यांना दाखवून झालेला. "व्याही बोलतील ना, तुमच्या घरात दरोडेखोर हाय!" शेवटी सगळे हिरोच्या बाजूने लढायला उभे राहिले. सोळा मावळे, आणि समोर शत्रू कोणीच नाही. तेव्हा ताईने माझ्याकडे बघितलं. मी बिनलग्नाचा, बाजारात वांगी विकणारा, आणि मला मिशी होती.

"ह्याचं कुटंच जमत नाय," ताई म्हणाली. "ह्याला काय धोका?"

अशा रीतीने मी काळोजी दरोडेखोर झालो. शिवाय काळोजीची अख्खी टोळीही मीच. एकदा लाल फेटा बांधून मरायचं, मग निळा बांधून, मग उघड्या डोक्याने.

दाजी स्वतः समोर लढणार म्हटल्यावर कॅमेरा धरायला माणूस हवा होता. तो मान ताईला मिळाला. तिने आधी कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं. (काचेवर! मालकाला ते पुढे दोन वर्षं कळलं नाही, एवढीच देवाची कृपा.)

पहिल्या शनिवारी आम्ही उसाच्या कडेला समोरासमोर उभे राहिलो. मला लाकडी तलवार उगारून म्हणायचं होतं, "वाघोजी, आज या उसात तुझं रक्त सांडेल, आणि उद्या तुझ्या गावात एकही चूल पेटणार नाही!"

मी तलवार उगारली. समोर दाजी. बहिणीचा नवरा! लग्नात मी त्यांचे पाय धुतले होते. त्यांच्या अंगाला हात लावायचा हक्क मला जन्मात एकदाच मिळाला होता, कानपिळीच्या वेळी, आणि तेव्हाही कान इतका हळू पिळला होता की भटजी म्हणाले, "अरे, लावलास का हात?"

"दाजी," मी म्हणालो, "आज या उसात... तुमचं रक्त सांडेल, म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

"थांबव!" दाजी ओरडले. "मी दाजी नाय, वाघोजी हाय! आणि तू मला अहो-जाहो कसला करतोस? तू माजा दुश्मन हायस!"

"व्हय दाजी."

दुसऱ्या वेळी 'तुझं' म्हणालो, आणि लगेच तलवार खाली टाकून त्यांच्या पाया पडलो. तिसऱ्या वेळी दाजींनी सुचवलं की पाया आधीच पडून घे. मग तीच रीत पडली. दर मारामारीआधी दरोडेखोराने हिरोच्या पाया पडायचं, हिरोने "सुखी ऱ्हा" म्हणायचं, आणि मग एकमेकांचा जीव घ्यायला धावायचं.

तरी वाक्य काही जमेना. मी मराठी बोलत असे ते आईशी, देवाशी आणि म्हाताऱ्यांशी. म्हणजे सगळं गोड. भांडण मी जन्मभर क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बाजारच्या बोलीत, केलं होतं! बाजारात वांग्यांवरून वाजलं की क्रेओल, बसमध्ये पाय तुडवला की क्रेओल. त्यामुळे अंगात राग आणला की तोंडातून मराठी गळून पडायची, आणि मराठी आठवली की राग जायचा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दाजींनी ते एक वाक्य माझ्याकडून पन्नास-साठ वेळा तरी म्हणून घेतलं. शेजारच्या दगडी कठड्यावर गावची पोरं रांगेने बसून पेरू खात हा तमाशा बघत होती. मला वाटलं, फुकटची करमणूक मिळतेय, बसू देत.

तिकडे ताईचं वेगळंच चाललं होतं. माझी तलवार नवऱ्याच्या डोक्याजवळ आली की ती कॅमेऱ्याचं बटण सोडून द्यायची.

"ताई, बंद का केलंस?"

"माज्या कुंकवावर घाव पडताना मी फोटो काढू? शनिवारी?"

"अगं, खोटा घाव हाय!"

"फोटोत काय कळतंय खोटा का खरा?" असं म्हणून ती पदर खोचायची आणि मी जमिनीवर मरून पडलो की समाधानाने पुन्हा बटण दाबायची. भाऊ मरताना मात्र तिचा हात जराही थरथरत नसे.

शेवटची मोठी लढाई बैलगाडीवर ठरली होती. आमच्या राजा बैलाच्या गाडीत ऊस भरलेला, त्या उसावर आम्ही दोघं तलवारी घेऊन. "धावत्या गाडीवर मारामारी! थेटरात पन नाय बगितली कोनी," दाजी म्हणाले. मी पाया पडलो, ते "सुखी ऱ्हा" म्हणाले, आणि मी शेपटीला हात लावून राजाला "आले, आले!" म्हणजे चल, चल केलं.

एक गोष्ट आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नाही. तोडणीचा हंगाम होता; मॉरिशसमध्ये तो हिवाळ्यात, जून-जुलैत सुरू होतो. राजाला उसाची भरलेली गाडी जुंपली की जग म्हणजे एकच रस्ता, कारखान्याचा. तो ठरलेल्या वळणावर वळायच्या ऐवजी सरळ निघाला.

"थांबव त्याला!" दाजी तलवार फिरवत म्हणाले.

"कासरा खाली पडलाय दाजी!"

"मग लढत ऱ्हा! तुजी ताई काढतेय!"

खरंच, ताई लुगडं वर खोचून मागून पळत होती. एका हाताने कॅमेरा छातीशी, दुसऱ्याने पदर. पळताना बटण सोडायला तिला बोट मोकळं नव्हतं, त्यामुळे कॅमेरा चालूच. चावी संपली की थांबून करकरा फिरवायची आणि पुन्हा धावायची. कठड्यावरची पोरं ओरडत तिच्यामागे. असं सगळं लटांबर कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं. राजा रांगेतल्या बारा गाड्यांच्या मागे शहाण्यासारखा उभा राहिला, आणि आम्ही वर फेटे बांधून एकमेकांना मारतोय!

गाडीवान लोक हसून हसून चाकांना टेकले. आमची पाळी आली तसा राजा आपणहून काट्यावर चढला. वजन करणारा कारकून चष्मा वर करून म्हणाला, "की सा?" म्हणजे हे काय आहे? दाजींनी छाती काढून मराठीत सांगितलं, "मी उसातला वाघ हाय!" कारकून माझ्याकडे वळला. तेवढ्यात दाजींचा वार चुकला आणि खराच माझ्या गुडघ्यावर बसला. मी "आयो मामा!" करून उसासकट खाली आलो. तोंडातून जे काही निघालं ते सगळं क्रेओल, आणि छापण्यासारखं त्यात एक अक्षर नव्हतं.

रिळं परदेशी धुवायला गेली आणि गणपतीच्या आठ दिवस आधी परत आली. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघांनी ती पाहिली. मी तलवार उगारतो, आणि एकदम मरून पडलेला असतो. पुन्हा उगारतो, पुन्हा मेलेला. मध्येच बराच वेळ ताईची कोंबडी. पूर्ण मारामारी एकच, ती काट्यावरची, आणि तिच्यात मारामारीपेक्षा गाडीवानांचे दात जास्त. हळदकुंकवामुळे सगळ्यांवर डाग.

मी हसायला तोंड उघडलं आणि दाजींचा चेहरा दिसला. "शाळा गेली रे भिकू," ते म्हणाले. "बाबांनी कंदिलावर चालवली, मी दिव्यावर बुडवली." ताई पदर तोंडाला लावून बसली. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ते एक वाक्य मी नीट पाठ करायला हवं होतं.

गणपतीच्या दुसऱ्या दुपारी बैठकेच्या खोलीची दारंखिडक्या लावून, भिंतीवर चादर टांगून खेळ सुरू झाला. अख्खा गाव आत कोंबलेला. पुढे सखाराम काका खुर्चीत, त्यांच्या हातात नावं लिहायची वही. चादरीशेजारी माइकपुढे मी आणि दाजी. आठ दिवस वांगी विकताना मी तेच वाक्य घोकत होतो. (गिऱ्हाईक भाव विचारी, आणि मी त्याचं रक्त सांडायची धमकी देई.)

चादरीवर काळोजी आला. तलवार उगारली. दाजींनी मला कोपर मारलं.

"वाघोजी," मी म्हणालो. पुढे काही नाही. समोर दोनशे माणसं, डोक्यात पांढरी चादर. चादरीवर माझे ओठ हलतायत आणि माइकमधून नुसता माझा श्वास. "वाघोजी... आयो, मो'न ब्लिये!" विसरलो म्हणून क्रेओलमध्ये सांगून टाकलं. काकांनी वही मिटली. दाजींनी डोळे मिटले.

आणि पुढच्या चटईवरून एक पोरगी ओरडली, "आज या उसात तुझं रक्त सांडेल!"

लगेच दहा-बारा आवाज उठले, "आणि उद्या तुझ्या गावात एकही चूल पेटणार नाही!"

कठड्यावरची पोरं! माझ्या ठोंबपणापायी त्यांनी सगळा सिनेमा ऐकून ऐकून पाठ केला होता. मग कोणी माइककडे बघितलंच नाही. वाघोजीचं पोरंच बोलली, काळोजीचं पोरंच बोलली, ताईने गाळलेल्या प्रत्येक घावाला "मारला!" असा गजर झाला. काट्यावर तर म्हातारे चटईवर आडवे झाले. दाजी माझा हात धरून रडत होते, आणि मीही रडत होतो. गुडघा दुखत होता म्हणून, असं मी ताईला सांगितलं.

खेळ संपल्यावर पोरांची रांग लागली. काका नावं लिहीत गेले. चौदा झाली. काका थांबले. रांग संपली होती.

"हरिबा, पंधरा बोललो होतो," काका हळूच म्हणाले. "मंडळाचा ठराव हाय. मी काय करू?"

दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. चौदा पोरांनीही पाहिलं. मग सगळे मिळून माझ्याकडे पाहू लागले.

"ठरावात वय लिवलंय का?" ताईने विचारलं.

काकांनी वही चाळली. वय लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारपासून अठ्ठावीस वर्षांचा, मिशीवाला काळोजी दरोडेखोर शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, "क कमळाचा" गिरवू लागला. शाळा टिकली, म्हणून आज हे चार शब्द लिहिता येतायत. वार्षिक परीक्षेत माझा पंधरावा नंबर आला, आणि तोही दाजींनी मेहुणा म्हणून गुपचूप दोन मार्क वाढवल्यावर!