घरपोच पाणी

त्याने माझी भरलेली घागर पायाने लोटली. जर्मनची घागर. दगडावर आपटली आणि घरंगळत गटारीपर्यंत गेली. पाणी सगळं गल्लीत. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

लोटणारा मेंबरचा माणूस होता. मेंबर स्वतः चार हातांवर उभा, नाकाला कापराची पुरचुंडी लावून. ओट्यांवर गल्लीतल्या बाया होत्या. कुणी हसलं नाही. एकीने फक्त पदर वर घेतला, माझ्या घागरीतल्या पाण्याचा शिंतोडा उडू नये म्हणून.

मेंबर त्या माणसावर ओरडला नाही. माझ्याशी बोलला, आणि तेही गोड आवाजात. "अगं बाई, तुमच्या दारात गाडी येऊन राह्यली ना? मंग इथं काहून येती? मी तुमच्याच भल्यासाठी करून राह्यलो."

घागर लोटल्याचं मला एवढं लागलं नाही. लाथा आमच्या ओळखीच्या आहेत. 'भल्यासाठी' हा शब्द लागला, कारण त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळलेला होता.

जालन्यात आमचा महारवाडा या गल्लीच्या उताराला आहे. वर व्यापाऱ्यांची घरं, गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा नळ, खाली आम्ही. आमच्या वाड्यात एक आड आहे, खाऱ्या पाण्याचा. त्यात डाळ शिजत नाही. गोडं पाणी नळालाच. पण नळाला आम्ही हात लावायचा नाही, असा निजामाच्या काळापासूनचा रिवाज. आम्ही लांब उभं राहायचं आणि ओरडायचं, "पाणी वाढा वो माय!" कुणाला दया आली तर ती आपल्या कळशीतून आमच्या घागरीत वरून धार सोडायची. दया यायला कधी कधी दुपार व्हायची.

मग राज्य बदललं. कायदा झाला. कायदा कागदावर झाला आणि आम्ही तसेच लांब उभे. शेवटी एका सकाळी आम्ही सहा-सात बायाच पुढे झालो आणि आपल्या हाताने नळ सोडला. शिव्या झाल्या, दगड आले, पोलीस आला. पण पोलिसालाही कायदा माहीत होता. त्या दिवसापासून आम्ही रोज नळावर. आमच्या वाड्याने आजवर जे काही मिळवलं त्यात खरं असं हेच एक.

ही झाली साथीच्या आधीची गोष्ट.

साथ आली तेव्हा मृग कोरडा चालला होता. ताप, खोकला, अंग मोडून यायचं. डॉक्टर त्याला फ्लू म्हणत. म्हातारी माणसं म्हणाली, मानमोडी परत आली. आमच्या वाड्यात घर सोडून घर माणूस पडलं. वर गल्लीतही पडलं. त्यांच्याकडे ते दार लावून पडत, आमच्याकडे दारात पडत, एवढाच फरक. बोट मात्र आमच्याकडे.

मेंबरचं घर मूळ कुंभार पिंपळगावकडचं. शेतीवाडी भरपूर, शहरात आडतीचं दुकान, आणि नगरपालिकेत निवडून आलेला. पांढरं धोतर, हसरा चेहरा. निवडणुकीनंतर तो आमच्या वाड्याकडे फिरकला नव्हता. साथीत आला. आणि नुसता आला नाही, तर डॉक्टर घेऊन आला. गोळ्या आणल्या. दोन वेळ कांजी शिजवायला लावली. माझ्या नवऱ्याला, आमच्या मालकांना, ताप चढला होता तेव्हा माझ्या दाराशी उभं राहून त्याने विचारलं, "काय म्हणतो पहिलवान? घाबरू नका. मी हाय ना." आत आला नाही. पण विचारलं.

खोटं कशाला लिहू? त्या गोळ्या मालकांनी खाल्ल्या. कांजी आम्ही प्यायलो.

मग गाडी सुरू झाली. बैलगाडीवर लोखंडी पिंप, पिंपात नळाचं गोडं पाणी. सकाळ-संध्याकाळ आमच्या दारात. मेंबरने वाड्यात उभं राहून सांगितलं, "आजाऱ्याच्या बायकांनी घागरी घेऊन चढ चढायचा न्हाई. बिलकुल न्हाई. तुमचं पाणी आता तुमच्या दारात."

बायांनी त्याची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. माझी धाकटी जाऊ गिरजा म्हणाली, "देवमाणूस हाय, आक्का."

मी म्हणाले, "देवमाणसाला निवडणूक लागत न्हाई."

"तुझं तोंड! ताप आल्ता तव्हा त्याच्याच गोळ्या खाल्ल्या ना भाऊजींनी?"

खाल्ल्या होत्या. पण मनातून ती गाडी जाईना. दया मी पुष्कळ पाहिलेली आहे. दया वेळेवर येत नाही. ही गाडी मात्र बराबर वेळेवर येत होती. आम्ही नळावर जायच्या आत.

माझं माहेर केदारखेड्याच्या अंगाला. तिथे आमच्या लोकांची मसणवट ओढ्यापलीकडे आणि तिकडे जाणारी वाट एका मोठ्या कास्तकाराच्या बांधावरून. मी लहान असताना एका सालाला तो स्वतः येऊन म्हणाला, "बांधावर चिखल हाय, तुम्ही माझ्या मळ्यातल्या चांगल्या रस्त्यानं जा." आमची माणसं खूश. सालभर मळ्यातून गेली. पुढच्या साली मळ्याला काटे लागले आणि बांधावर नांगर फिरला. आमची माणसं भांडायला गेली तेव्हा तो म्हणाला, "कसली वाट? सालभर कुणी चाललं का इथून? वहिवाट न्हाई तुमची." त्या साली माझा आजा गेला, त्याला बापाने भलताच लांबचा वळसा घालून नेलं. पावसात. खांदेकरी चिखलात बसले.

वहिवाट. पायाने राखायची असते ती. एकदा पाय थांबले की गेली.

मी गिरजाला हे सांगितलं. ती म्हणाली, "वाट येगळी, पाणी येगळं." वाड्यातल्या बायांना सांगितलं. एकजण म्हणाली, "आयतं भेटतंय तर तुझ्या पोटात काहून दुखतंय?" सगळ्या हसल्या. मीही गाडीचंच पाणी भरत राहिले. घरात आजारी माणूस, चढ चढायला जीव नाही. शंका होती, पण शंकेने घागर भरत नाही.

गल्लीतल्या एका शेठजींच्या घरचं अंगण आणि गोठा मी झाडत असे. राजस्थानातून आलेलं घराणं, पण चार पिढ्या इथंच गेलेल्या. शेठाणी बाई मनाने वाईट नाही. साथीतही मला झाडायला बोलावणं होतंच. त्यांच्या अंगणाला माझा हात चालत होता. घागर लोटली गेली त्याच दिवशी वरच्या सज्ज्यातून ती म्हणाली, "अच्छा हुआ बाई, अब तुमको नल पे आना नहीं पडता. मेंबर परसों इनको बोल रहे थे, एक बार इन बाइयों की आदत छूट जाने दो, फिर नल को कठडा लगा देंगे. कुलूप बी."

तिला वाटलं ती आनंदाची बातमी देत होती.

मी झाडू तिथेच भिंतीला लावला. घरी आले, घागर घेतली आणि चढ चढून नळावर गेले. मेंबर त्याच वेळी तिथे उभा असेल हे मला माहीत नव्हतं. माझी घागर भरली, मी उचलायला वाकले, आणि त्या माणसाचा पाय आला.

आता पुढचं.

मी गटारीजवळून घागर आणली. पोचा आला होता. मेंबरला विचारलं, "मेंबरसाब, एक सांगा. साथ सरली की आम्ही नळावर येऊ ना?"

"आधी साथ तर सरू दे."

"सरलच की. मंग येऊ ना? ह्या समद्या बाया उभ्या हायेत. त्यांच्या देखत हो म्हणा."

त्याने पुरचुंडी नाकावरून काढली. हसला. "तू फार बोलती बरं का. तुझ्या मालकाला कुणी जगवलं, विसरली का?"

मी 'हो म्हणा' म्हटलं होतं. एवढा एक शब्द. तो फुकटचा होता. गाडीला बैल लागतात, गोळ्यांना खर्च लागतो, या शब्दाला काही लागत नव्हतं. तोच त्याच्या तोंडून निघाला नाही.

मी म्हणाले, "न्हाई विसरले. तुमचं औषध घेतलं, तुमचं उपकार मानते. पण नळ तुमचा न्हाई. नळ बलदियाचा, नगरपालिकेचा." आणि घागर पुन्हा नळाखाली ठेवली. त्या माणसाकडे पाहिलं. "लोट. म्या पुन्ना भरीन."

त्याने मेंबरकडे पाहिलं. मेंबरने मान हलवली. नको. एवढ्या माणसांत दुसऱ्यांदा कायद्याला पाय लावायला तो वेडा नव्हता. घागर भरली. पोच्यामुळे डोक्यावर नीट बसेना. कडेवर घेऊन उतरले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. कांजीही नाही.

याची झळ मला नाही लागली, ती पडलेल्या घरांना लागली. गिरजाचा पोरगा तापाने फणफणत होता. ती माझ्या दारात येऊन ओरडली, "झालं का तुझ्या मनासारखं? तुझी अकड, आन् तहान माझ्या लेकराला!" म्हातारा चुलतसासरा तात्या म्हणाला, "सूनबाई, जा. पाया पड त्याच्या. साथ सरंस्तोर तर गोड बोल."

मी म्हणाले, "तात्या, साथ सरंस्तोर गोड बोलले तर नंतर बोलायला नळ राहणार न्हाई."

मी पाया पडले नाही. घागर घेतली आणि पहिलं पाणी गिरजाच्या रांजणात ओतलं. ती पाठ करून बसली होती. पाणी नको म्हणाली नाही. दुसरी खेप तात्याच्या घरी. तिसऱ्या खेपेला मागे वळून पाहिलं तर चार बाया घागरी घेऊन चढत होत्या. त्यातली एक अजून खोकत होती. गाडी थांबल्यावर त्यांना माझं बोलणं पटलं. मी सांगून पटलं नव्हतं, मेंबरने पटवलं. गाडी आजाऱ्यांसाठी असती तर आजारी असेपर्यंत आली असती.

साथ ओसरली. गिरजाचा पोरगा उठला. ती मात्र माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. तिचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

नळाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांब पुरलेले आहेत. साथ चालू असतानाच पुरले होते. कठडा बसला नाही. माझी शंका खोटी होती असं ज्याला वाटतं त्याने जाऊन ते खांब पाहावेत आणि ते कशासाठी आहेत ते मला सांगावं.

पावसाळ्यानंतर मेंबरचा मोठा सत्कार झाला. साथीत त्याने गरिबांना घरपोच पाणी दिलं, असं भाषणात सांगितलं गेलं. टाळ्या पडल्या. खोटं कुणीच बोललं नाही. पाणी दिलंच होतं. आमच्या वाड्यातलेही काही जण टाळ्या वाजवून आले.

निवडणूक आली की तो पुन्हा येणार. पुन्हा चांगलं काहीतरी हातात घेऊन येणार. पुन्हा साथ आली तर औषध आणील आणि आम्ही ते घेऊ. घ्यायचं. औषधाला नको म्हणण्याएवढी मी खुळी नाही. पण नळ त्याच्या हातात जाऊ द्यायचा नाही.

आता वाड्यात नवी टाकी होणार अशी बोलवा आहे. होऊ दे. झाली तरी मी रोज एक घागर गल्लीच्या नळावरून आणणार. गरज असो नसो. शेठाणी विचारते, "काहे को तकलीफ?" मी नुसती हसते. आता घरात सून आली आहे, तिला मात्र सांगून ठेवलं आहे. मी पडले तर तू जायचं. तू पडलीस तर शेजारणीला पाठवायचं. घरात मयत झाली तरी आधी एक घागर आणायची, मग रडायचं. खाडा पडता कामा नये.