तळ न दिसणारा तलाव

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत तेव्हा नवी आयटीवाली कुटुंबं राहायला आली होती आणि पोहण्याच्या तलावाचा सगळ्यांना भारी अभिमान होता. रात्रभर धो धो पाऊस पडून तलावाचं पाणी ताकासारखं झालं, तरी रविवारी सकाळी पोरं काठावर हजर. सेक्रेटरी म्हणाले, "क्लोरीन टाकलंय, सोडा पोरांना."

कुणाकडे तरी पाहुण्या म्हणून आलेल्या एक बाई पदर खोचून पुढे झाल्या. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

"अहो, एवढ्या पावसात क्लोरीन टिकतंय कुठे? पाणी तपासा, गाळ बसू द्या. तळसुद्धा दिसत नाहीये."

"आंटी, संडे आहे, चिल!" एक बाप हसला.

बाईंनी काठावर मांडलेल्या नाश्त्याच्या टेबलावरची स्टीलची ताटली उचलून पाण्यात टाकली. ती क्षणात दिसेनाशी झाली.

"शोधा आता. ताटलीच्या जागी मूल असतं तर?"

एका आईने लेकाला मागे ओढलं. मला वाटलं, सेक्रेटरी निदान शरमतील. पण ते विचारतात काय, तर "ती ताटली आता कोण काढणार?" माझं डोकंच फिरलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आपणच उतरा की. पाणी चांगलं आहे ना?"