आहेराची शटलं आणि आमच्या सरांचं उंच छत

शरणप्पा सरांची आणि माझी पहिली भेट एका लग्नात झाली. लग्न माझ्या मामेबहिणीचं, औरादच्या कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात. अक्षता पडायला लागल्या आणि त्या अक्षतांबरोबर वरून, छताच्या लोखंडी तुळईवरून, एक पांढरं पिसांचं काहीतरी थेट माझ्या मांडीवर येऊन पडलं. मला वाटलं पाखरू मेलं! मी किंचाळायच्या बेतात होते, तेवढ्यात पांढऱ्या शर्टातले एक सडपातळ गृहस्थ वऱ्हाडातून वाट काढत माझ्यापुढं आले आणि अगदी आदबीनं म्हणाले, "बाळ, ते आमचं हाय. लई दिवसांपासून वर अडकलं होतं. टाक बघू इकडं."

मी टाकलं. चार खुर्च्यांच्या रांगा ओलांडून ते बरोबर त्यांच्या हातात गेलं. सरांनी एकदा शटलकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या आईला विचारलं, "अक्का, पोरगी कुठल्या शाळेत जायलीय?" जेवणाच्या पंगतीपर्यंत माझं खेळणं ठरून गेलं होतं. "उद्यापासून ये," सर म्हणाले, मग खिशातलं छोटं पंचांग पाहून म्हणाले, "न्हाई, उद्या मुहूर्त हाय. परवा ये."

सर आता साठ वर्षांचे झाले. हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा संपादकांनी मला बजावलं की लेख भारदस्त पाहिजे. प्रयत्न करते. पण सरांच्याबद्दल लिहायला बसलं की पहिल्यांदा हसूच येतं, त्याला मी काय करू?

बाहेरच्या वाचकांना आमची व्यवस्था सांगायला हवी. औरादला तेव्हा बॅडमिंटनचा हॉल नव्हता. सर शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांनी गावभर फिरून पाहिलं, तर वारा न लागणारी आणि छत उंच असलेली जागा एकच, हा कल्याण मंटप. मंटपाच्या कमिटीनं परवानगी दिली, पण अट घातली: लग्न असेल त्या दिवशी खेळ बंद. त्यामुळं आमचा सराव पंचांगावर चालायचा. लग्नं लावणाऱ्या गावच्या स्वामींनासुद्धा नसतील एवढे मुहूर्त सरांना तोंडपाठ. ऐन लग्नसराईत आम्ही मंटपामागच्या गल्लीत नुसते दोरीवरच्या उड्या मारायचो आणि आतून बँडचा आवाज यायचा.

सरांनी मात्र या अडचणीतून एक रीतच पाडली. ज्या घरचं लग्न मंटपात असेल ते घर सरांना आहेर करायचं, आणि सर हात जोडून सांगायचे, "टोपी-टॉवेल नगो. पोरांचा एक दिवस बुडलाय, शटलचा एक डबा द्या." हळूहळू सगळ्या तालुक्याला हे ठाऊक झालं. डब्यावर नवरा-नवरीचं नाव असायचं. "आज कुणाच्या लग्नाचं शटल काढायचं?" हा आमचा रोजचा प्रश्न. आणि एक कडक नियम होता. पिसं तुटून शटल निकामी झालं तरी ते 'मोडलं' म्हणायचं नाही. लग्नघरचं ते! 'नांदायला गेलं' म्हणायचं. चुकून कुणी 'मोडलं' म्हटलं की सर त्याला मंटपाला पाच फेऱ्या मारायला लावायचे.

पण शटल नांदायला जाणं सोपं नव्हतं. आमच्याकडच्या कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात, म्हणून सरांच्या पत्नी, आमच्या इंदू अक्का, भाताच्या पातेल्यावर चाळणी ठेवून शटलांना वाफ द्यायच्या. एक पीस गेलं तर चालतं. दोन गेली तरी चालतं. तिसरं गेल्यावर सरांकडं जायचं, सर ते बोटात फिरवून बघणार आणि म्हणणार, "अजून चालतंय की!" हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वतःच्या स्कूटरबद्दल, चपलेबद्दल, चष्म्याच्या काडीबद्दलही ते हेच म्हणतात. आम्ही मुलं अशा तुटक्या, डगमगणाऱ्या शटलांनी खेळूनच मोठी झालो. त्यानं आमचा हात हलका झाला हेही खरं.

सरांनी मला सात-आठ वर्षं शिकवलं आणि माझी निवड आंतरराष्ट्रीय युवा क्रीडा स्पर्धेसाठी झाली. गावात पेढे वाटले गेले. नेमक्या त्याच आठवड्यात मंटपाचे अध्यक्ष वीरभद्रप्पा शेट सरांकडं आले. शेटजींचं कापडाचं दुकान, माणूस दिलदार, पण मंटपाची त्यांना काळजी होती. मी अक्कांच्या स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळं पाहिलं-ऐकलं.

"सर, लोकं लग्नाला बीदरला जायलेत. आता खाली दुसरं छत घालायचं, त्यात दिवे बसवायचे, एसी करायचा. कमिटीचं ठरलंय."

"मग पोरांनी शटल कुठं मारावं, शेट?"

"आडवं मारा की!"

सर हसले नाहीत. सर हसत नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तेच म्हणाले, "ही पोरगी चाललीय स्पर्धेला. तिनं पदक आणलं तर?" शेटजींनी जरा विचार केला. "आणलं तर छताला हात लावू देणार न्हाई. माझा शब्द. न्हाई आणलं तर दिवाळीनंतर काम सुरू." सर म्हणाले, "ठरलं," आणि अक्कांना चहा टाकायला सांगितलं. मी आत भिंतीला टेकून उभी. हे काय करून बसले सर?

स्पर्धा आपल्याच देशात, पण दूरच्या मोठ्या शहरात होती. संघाचे प्रशिक्षक वेगळे, त्यामुळं सर स्वतःच्या तिकिटानं आले आणि प्रेक्षकांत बसले. बरोबर कापडी पिशवी आणि अक्कांनी दिलेल्या भाकरी, शेंगाची चटणी. उपांत्यपूर्व सामना जिंकला की पदक पक्कं होतं. पहिला गेम मी घेतला. दुसरा गेला. तिसऱ्यात माझं सगळंच बिनसलं. माझा खेळ हलक्या हाताचा, नेटलगत टाकायचा, आणि टाकलेलं प्रत्येक शटल नेटमध्ये जायला लागलं. समोरच्या मुलीचा खेळ सगळा जोरावर, तिला काही फरक पडत नव्हता. मध्यांतरात आमचे प्रशिक्षक हिंदीत म्हणाले, शटल ठीक आहे का बघ. मी बघितलं. दोनच पिसं गेली होती. मी म्हटलं, एकदम ठीक आहे! मी खोटं बोलले नव्हते हो. आमच्या मापानं ते नवंच होतं.

पुन्हा दोन गुण गेले. मला समोर कोर्ट दिसेना, मंटपाचं खाली आलेलं छत दिसायला लागलं. आणि त्या प्रचंड हॉलमध्ये, नाना देशांच्या माणसांच्या वरून, एक ओळखीचा आवाज आला:

"अगं ए, नांदायला गेलं की गं ते! कामून ठेवून घ्यायलीस? दुसरं माग!"

सगळा हॉल तिकडं बघायला लागला. एक स्वयंसेवक सरांना गप्प बसवायला धावला. पंचांना ओ की ठो कळलं नाही. कळलं फक्त मला, आणि मला असं हसू फुटलं की काय सांगू! मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा मी नवं शटल मागितलं, आणि पंचांनी काही न विचारता देऊन टाकलं. एवढं सोपं होतं ते!

पुढचं लांबण लावत नाही. ते नवं शटल माझ्या हाताचं ऐकत होतं. एक पीस गेलं की मी हात वर करायची, अगदी निर्लज्जपणे. सामना मी जिंकला. नंतरच्या फेरीत हरले, पण कांस्यपदक गळ्यात पडलं. पदकाच्या चौथऱ्यावरून उतरून पाहते तर सर त्या स्वयंसेवकाची माफी मागत होते, आणि त्याच दमात त्याच्याकडून टाकून दिलेली शटलं पिशवीत भरून घेत होते.

परतीच्या गाडीत सरांनी पिशवीतली शटलं एकेक करून पाहिली. मग म्हणाले, "चूक तुझी न्हाई. मी तुम्हांला पुरवून वापरायला शिकिवलं. मागायला शिकवायचं राहून गेलं." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. इतक्या मोठ्या विजयानंतर आपली चूक शोधणारे गुरू मी दुसरे पाहिलेले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून मंटपात नवा नियम सुरू झाला: प्रत्येक मुलानं रोज एकदा हात वर करून काहीतरी मागायचंच. शटल, पाणी, सुट्टी, काहीही. लाजणाऱ्याला पाच फेऱ्या.

वीरभद्रप्पा शेट हलगी घेऊन बसस्टँडवर आले होते. मंटपात जाऊन त्यांनी वर बोट दाखवलं, "घ्या सर, तुमचं छत!" एसीऐवजी त्यांनी जमिनीवरचे मोठे कूलर आणले आणि लग्नं काही बीदरला पळाली नाहीत. आज आमच्या सामन्यांत सर्वांत जास्त आरडाओरडा शेटजींचाच असतो. आणि स्पर्धेतून आणलेली ती शटलं? मी म्हटलं होतं, सर, काचेच्या कपाटात ठेवू या. सर म्हणाले, "शटल काय बघायला असतंय व्हय?" अक्कांनी वाफ दिली आणि पोरांनी आठवडाभरात ती सगळी नांदायला धाडली.

आता मीही त्याच छताखाली शिकवते, सरांच्या शेजारी उभी राहून. म्हणून मला ठाऊक आहे ते इथं जाहीर करते. गेल्या पावसाळ्यापासून सरांचा उजवा गुडघा दुखतो. जिना चढताना भिंत धरावी लागते. अक्कांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. उत्तर एकच: "अजून चालतंय की!"

सर, तुमच्या सत्काराला शाल-श्रीफळ नाही, प्रत्येक जण शटलचा डबा आणणार आहे, त्यामुळं तुम्ही खूश असाल. तुम्हांला आणि अक्कांना भरपूर आयुष्य मिळावं, आमच्या नातवंडांनाही तुम्ही मंटपाला फेऱ्या मारायला लावाव्यात, ही या ग्रंथात लिहिणाऱ्या सगळ्यांची इच्छा. पण माझं आजचं मागणं अजून बाकी आहे. नियम तुमचाच आहे. म्हणून साऱ्या गावासमोर हात वर करून मागते: सोमवारी बीदरला चला आणि गुडघा दाखवून घ्या. गाडी मी सांगून ठेवली आहे. सोमवारी मुहूर्त नाही, पंचांग बघून घेतलंय.