सात सह्यांचा बर्फ

हिराबाईंची मासेमारीची बोट धक्क्याला लागून पाऊण तास झाला होता. बर्फ तयार होता, तो फोडायचा क्रशर रिकामा होता, माणसं हात बांधून उभी होती. ओहोटी लागली होती. अजून अर्ध्या तासाने खाडीच्या तोंडाशी पाणी इतकं उतरलं असतं की बोट पुढच्या भरतीपर्यंत अडकली असती. आणि आत ऑफिसात पाचवी सही करणारे साहेब जेवायला गेले होते.

मी तिथे कन्सल्टंट म्हणून गेले होते. आयुष्यभर एका कारखान्यात प्रोसेसचं काम केलं. म्हणजे कामाचे टप्पे आखायचे आणि ते नीट चालतात का ते बघायचं. निवृत्तीनंतर छोट्या उद्योगांसाठी तेच करते. मुरूडजवळच्या या बर्फाच्या फॅक्टरीचे मालक इक्बालभाई बरीच वर्षं आखातात गोदाम सांभाळून परतलेले. माणूस शिस्तीचा, पण मनाने मोकळा. बोटी कमी का झाल्या, हा त्यांचा प्रश्न होता.

हिराबाईंच्या दोन बोटी. नवरा गेल्यापासून त्याच बघतात. त्या मला शांतपणे म्हणाल्या, "बाई, माझं पाणी थांबत न्हाय. पुढच्या खेपेला मी पलीकडून बर्फ घेनार."

इक्बालभाईंनी स्वतः धावत जाऊन उरलेल्या सह्या आणल्या. बोट कशीबशी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी एका ऑर्डरच्या कागदामागे घड्याळ लावून फिरले. बर्फाच्या लाद्या फोडून चुरा बोटीच्या खणात सोडायला वीस मिनिटं लागली. कागदाला दीड तास. एकूण सात सह्या. प्रत्येक सहीपाशी मी विचारलं, ही कशासाठी? प्रत्येकीमागे एक जुनी चूक निघाली. कधीतरी लाद्या कमी गेल्या, एक सही वाढली. कधी क्रशर बंद पडला, दुसरी वाढली. क्वालिटीच्या रकान्यात क्लार्क रोज "थंड" असं लिहीत होता. मी हसले. तोही हसला आणि म्हणाला, "मॅडम, आणखी काय लिहिणार?"

मी दोन रंगांचा नवा फॉर्म बनवला. सातऐवजी तीन सह्या. कौतुकाने हिराबाईंना दाखवायला त्यांच्या घरी नेला. त्या अंगणात जाळं शिवत होत्या. फॉर्म उलटसुलट पाहून त्यांनी परत दिला. म्हणाल्या, "मी फोनवर तीनच गोष्टी सांगते. बोट कंची, बर्फ किती, येनार कधी. बाकीचं तुमाला कशाला लागतं?"

परतताना फॉर्म पिशवीत ठेवला, तो पुन्हा काढला नाही.

धक्क्यावर एक फळा लावायचं ठरलं. आदल्या दिवशी फोन यायचा, फळ्यावर तीन गोष्टी लिहायच्या, बर्फ भरून झाला की तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, एक सही करायची. बस्स.

इक्बालभाई मात्र अस्वस्थ. "गलती झाली तर जिम्मा कोणाचा?"

"आत्ता कोणाचा आहे?" मी विचारलं.

सात जणांच्या सह्या असल्यामुळे आजवर एकालाही जाब विचारता आला नव्हता. शेवटी क्रशरवरच्या महादेवने सांगितलं की फळा आणि भरणं दोन्ही तो बघेल.

पहिल्याच आठवड्यात चूक झाली. एकाच नावाच्या दोन बोटी आल्या आणि एकीचा बर्फ दुसरीत गेला. इक्बालभाईंचा फोन आला. आवाजात थोडा विजय होता. पुन्हा सह्या मागणाऱ्या एका फॉर्मचा कच्चा मसुदाही त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी पोचेपर्यंत महादेवने तोडगा काढला होता. बोटीच्या नावापुढे मालकाचं नाव लिहायचं. इक्बालभाईंनी फळा पाहिला, मोबाईल काढला आणि मसुदा स्वतःच डिलीट केला.

सीझन संपेपर्यंत सोडून गेलेल्या बऱ्याच बोटी बर्फासाठी परत आल्या. हिराबाईंनी तर आपल्या भावाची बोटही आणली.

या कामातून एक गोष्ट पक्की कळली. सही वाढवायला एक चूक पुरते. ती कमी करायची, तर कुणीतरी "मी बघतो" म्हणावं लागतं.