काकूंची उघडी खिडकी

बाहेर धो धो पाऊस कोसळतोय आणि शेजारच्या मालूकाकू खिडकी सताड उघडी टाकून मेथी निवडत बसल्या आहेत. त्यांची खिडकी आमच्या छपराच्या अगदी खाली येते.

घर बांधताना पैसे पुरेनात, तेव्हा ठेकेदार म्हणाला होता, "साहेब, छपराच्या पन्हळी गाळून टाका. पाणी काय, पडेल पलीकडे."

बायको ताडकन म्हणाली, "पलीकडे माणसं राहतात. त्यापेक्षा समोरच्या भिंतीच्या टाइल्स गाळा."

वास्तुशांतीला सगळ्यांना ती बोडकी भिंत तेवढी दिसली. मान वर करून पन्हळीकडे कोण बघतंय! पण आपल्या छपराचा पाऊस आपल्याच हौदात उतरवण्यातही एक ऐट असते.

आता घर बघायला कोणी आलं, की मी त्याला आधी काकूंच्या खिडकीशी नेणार. तेही भर पावसात.